दोन दाणे कमी होते, काकाजी

काकाजी, साष्टांग नमस्कार.

समोर बसून हे बोलता आलं नसतं, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

स्पर्धेला पाठवलेली माझी कविता 'लय नाही' एवढा शेरा घेऊन परत आली, तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. नेमकी कुठे लय नाही, हे कोणी सांगितलं नाही. तुम्ही तूर पाखडता पाखडता म्हणालात, "आण पोरी, पाहू."

माझी कविता बाजूला ठेवून तुम्ही आधी 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' घेतलंत. लघूला, म्हणजे आखूड अक्षराला, तुरीचा एक दाणा; गुरूला, म्हणजे लांब अक्षराला, दोन. ओसरीवर मी 18 दाणे मांडले. तुम्ही काही न बोलता खंजिरीवर थाप देत ओळ पुन्हा म्हटलीत. 'सज्जना'तला स, 'भक्ति'तला भ! पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो आणि ते गुरू होतं. तुम्ही दोन दाणे टाकलेत, 20 झाले. एक-दोन-दोन, एक-दोन-दोन, असे तीन-तीन अक्षरांचे चार गट, म्हणजे चार य गण. शाळेत हेच भुजंगप्रयात वृत्त मार्कांपुरतं पाठ केलं होतं. ऐकलं मात्र त्या दुपारी.

मग माझी ओळ. 'पऱ्हाटीत माझा बाप उभा होता.' पऱ्हाटी म्हणजे आपली कपाशी. नवा नियम कळल्याच्या भरात मी 'प'ला दोन दाणे दिले. "म्हणून पाह्य ना, जोर पडते का?" नव्हता पडत. 'ऱ्ह'च्या आधीचं अक्षर हलकंच राहतं. तुम्ही एक दाणा उचललात. बरोबर 20 भरले, तरी ओळ लंगडतच होती. तुम्ही 'बाप'वर बोट ठेवलंत. तिथे लघू हवा होता, मी गुरू बसवला होता.

'पऱ्हाटीत माझा उभा बाप होता.'

शब्द तेच, दाणे तेवढेच. बाबा गेल्यापासून ज्या ओळीपाशी मी अडत होते, ती तुम्ही गाऊन दाखवलीत. 'उभा'वर तुमचाही आवाज क्षणभर थांबला. भजनात बाबा तुमच्याच शेजारी बसायचे.

पुढे 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी'सुद्धा मी दाण्यांनी मोजायला निघाले, तर तुम्ही हातच धरलात. अभंगात लघू-गुरू नाही, नुसती अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं, विटेवरी-कटावरी.

कवितेच्या अजून अकरा ओळी बाकी आहेत. रविवारी येते. वही मी आणते, दाणे तुमच्याकडचेच घेऊ.

तुमची,
पोर