माळढोकाचं नाणं काढा, पण पैसा माळरानावर पोचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला, तेव्हापासून आमच्या सोलापुरात ओळखीच्या काही घरांतून जुनी नाणी मोडीत निघाली. सराफ वजन आणि टंच, म्हणजे चांदीची शुद्धता बघतो, चित्र बघत नाही. तो त्याचा धंदाच आहे. पण त्या मोडीत इंडोनेशियाचं १९७४ सालचं दोन हजार रुपियाचं एक नाणं गेलं आणि त्यावर जावा बेटावरचा वाघ होता, हे कळल्यावर मला राहवलं नाही. हा वाघ १९७६नंतर खात्रीनं कुणाला दिसलेला नाही. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या यादीत तो नामशेष आहे. नाणं पाडलं तेव्हा पूर्व जावातल्या मेरू बेतिरीच्या जंगलात थोडे तरी उरले होते.

मी बँकेत रोखपाल होते आणि नाणी जमवण्याचा नाद नोकरीच्याही आधीचा. ते वाघाचं नाणं १९७४मध्ये सुरू झालेल्या, धोक्यातल्या प्राण्यांच्या नाण्यांच्या मालिकेतलं. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं सांगते. वन्यजीव जपणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि आययूसीएन या संस्थांनी ब्रिटनच्या रॉयल मिंट या टांकसाळीबरोबर ती काढली. भाग घेणाऱ्या प्रत्येक देशानं आपल्याच भूमीवरच्या धोक्यातल्या प्राण्यांची दोन चांदीची आणि एक सोन्याचं नाणं काढायचं आणि विक्रीतला वाटा संवर्धनाला द्यायचा, अशी योजना होती. नेपाळनं चांदीवर डांफे पक्षी आणि लाल पांडा घेतले, सोन्यावर गेंडा. पाकिस्तानच्या १९७६च्या नाण्यावर सुसर आहे. माझ्याकडे आहे ते मॉरिशसचं १९७५चं पन्नास रुपयांचं नाणं, २८ ग्रॅमांहून जड, त्यावर तिथला छोटा ससाणा. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही ज्या बेटावर आहेत, तिथला हा पक्षी. १९७४ साली रानात त्याचे फक्त चार पक्षी माहीत होते. पुढे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली अंडी काढून यंत्रात उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं वाढवून रानात सोडली, घरट्यासाठी पेट्या टांगल्या, वरून खाणंही पुरवलं. आज ते ससाणे शेकड्यांत आहेत. नाण्यानं पक्षी वाचवला असं मी म्हणणार नाही. वाचवला तो माणसांनी, वर्षानुवर्षं खपून. त्या खपण्याला पैसा लागतो, आणि नाण्यातून तो मिळू शकतो.

हल्ली मात्र प्राण्यांची चांदीची नाणी उदंड झाली आहेत आणि त्यांचा त्या प्राण्यांशी संबंध शोधावा लागतो. सोमालियाच्या नावानं २००४पासून दरवर्षी हत्तीचं सुंदर नाणं निघतं. ते पाडलं जातं जर्मनीत, म्युनिकच्या टांकसाळीत. नीयुए, तुवालू अशा चिमुकल्या बेटांच्या नावावर कुठल्याही खंडातलं जनावर छापून मिळतं. सोबत मखमली डबी आणि ‘मर्यादित प्रती’ असं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर ‘यातले इतके पैसे या जनावरासाठी’ अशी ओळ मी शोधते. बहुतेक वेळा ती नसते, आणि मग मी ते नाणं घेत नाही. माझ्यासारख्या इतर संग्राहकांनीही हे विचारायला लागावं.

आता आपल्याविषयी. गेंड्याचे स्टीलचे चार आणे आठवत असतील. जून २०११अखेर ते चलनातून गेले, तेव्हा आमच्या खिडकीशी लोक पिशव्या भरभरून आणत होते. एप्रिल २०२३मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पन्नाशीला पन्नास रुपयांचं स्मारक नाणं निघालं. म्हणजे मनात आलं तर सरकार हे करतं. मग माळरानावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्याचं चांदीचं नाणं का नको? सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९चं, माळढोकासाठीच केलेलं. आज देशभरात हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे, बहुतेक जैसलमेरकडे, आणि आमच्या माळावर दिसणं दुर्मीळ झालं आहे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून तो मरतो. त्यातून माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपल्या कागदपत्रांतही आहे. २०१९पासून जैसलमेरजवळ सम इथे अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत. उद्या ती इकडे आणायची म्हटलं तर त्यांच्यासाठी गवत तरी शिल्लक हवं.

माझी मागणी सोपी आहे. भारत सरकारच्या मुंबई टांकसाळीनं हे नाणं काढावं. किमतीतला ठरावीक वाटा नान्नजच्या माळासाठी राखावा, तो किती हे प्रमाणपत्रावर छापावं आणि दरवर्षी त्याचा हिशेब जाहीर करावा. चित्रात मादीसाठी गळा फुगवून मिरवणारा नर नको, अंड्याशेजारी बसलेली मादी हवी. आगाऊ नोंदणी सुरू झाली की पहिल्याच दिवशी मी पैसे भरीन.

आपली,
एक निवृत्त रोखपाल, सोलापूर