कॉपीराइट कायदा आणि महाविद्यालयांची ग्रंथालये

संपादक महोदय,

पुस्तकाच्या दहा टक्क्यांहून अधिक पानांची झेरॉक्स काढणे कॉपीराइट कायद्यात बसत नाही, असे महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत विद्यार्थ्यांना सर्रास सांगितले जाते. या व्यवसायातील एक ग्रंथपाल म्हणून नमूद करू इच्छिते, की १९५७ च्या आपल्या कायद्याने ग्रंथालयांना अशी टक्केवारी कुठेही घालून दिलेली नाही. कलम ५२ मध्ये खासगी अभ्यास व संशोधनासाठीच्या वाजवी वापराला आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने काढलेल्या प्रतींना स्वतंत्र सूट आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा हीच सूट कसाला लागली. शिकवण्याच्या हेतूला जितकी पाने लागतात तितकी घेता येतात, ठरावीक टक्क्यांचे बंधन नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये म्हटले आणि पुढल्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही हे खरे, पण आपल्या विद्यापीठांनी त्याची दखलही घेऊ नये, याचे नवल वाटते. अर्थात, बाजारात मिळणारे मराठी पुस्तक अख्खे झेरॉक्स करून वर्गभर वाटणे मला मान्य नाही. छोट्या आवृत्त्यांवर तग धरणाऱ्या मराठी प्रकाशकाला तो फटका सोसत नाही, आणि अख्ख्या पुस्तकांच्या प्रतींचा मुद्दा खंडपीठानेही निकाली काढला नव्हता.

खरी अडचण आहे ती बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांची. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा मराठी संदर्भग्रंथ कपाटातून काढावा, तर पान उलटताना कोपरा हातात येतो, शिलाई सुटलेली असते आणि यंत्राच्या काचेवर तो पालथा दाबला की उरलीसुरली बांधणीही जाते. असे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करून घेण्याची मुभा याच कलमात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, छापील प्रत संग्रही असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल साठवणही करता येते. महाविद्यालयीन ग्रंथालये या तरतुदींचा लाभ क्वचितच घेतात, कारण उद्या नोटीस आली तर सही कोणाची, या प्रश्नाशी प्राचार्य आणि ग्रंथपाल दोघेही थबकतात. शिवाय साठवण ‘जतनासाठी’ म्हटल्यामुळे ती वाचकाला पडद्यावर दाखवता येते का, याविषयी कायदा गप्प आहे. परिणामी स्कॅन केलेला ग्रंथ हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो आणि विद्यार्थ्याच्या हाती पुन्हा तीच जीर्ण प्रत पडते.

ई-नियतकालिकांचे दुखणे वेगळे आहे. तिथे कायद्याआधी वर्गणीचा करार आडवा येतो, आणि तो सही करण्यापूर्वी ग्रंथपालाला वाचायला मिळाला तरी पुष्कळ झाले.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. राज्यातील विद्यापीठांनी विधिज्ञांचा सल्ला घेऊन संलग्न महाविद्यालयांसाठी मराठीत लेखी परिपत्रक काढावे आणि त्यानुसार सद्‌हेतूने वागणाऱ्या ग्रंथपालाची जबाबदारी संस्थेवर घ्यावी. केंद्र सरकारने पुढील दुरुस्तीत, दाखल नोंदवहीत जितक्या प्रती आहेत तितक्या वाचकांना एका वेळी ग्रंथालयाच्या आवारात डिजिटल प्रत वाचू देण्याची स्पष्ट परवानगी द्यावी.

आपली,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल, सातारा