हिरव्या ठिपक्यावरून काम मोजू नये: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आठवड्यातले काही दिवस कार्यालयात आणि उरलेले घरून, अशा हायब्रिड पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी आपले खाते नियम करणार असेल, तर ‘कार्यालयात किती दिवस’ एवढ्याच प्रश्नात ते अडकू नयेत, ही विनंती. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ट्रिप.कॉम या चिनी पर्यटन कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणारे आणि रोज कार्यालयात येणारे यांच्या मूल्यमापनात वा बढतीत संशोधकांना फरक आढळला नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटले. एका कंपनीवरून सगळ्यांचा निवाडा करता येत नाही, हे मान्य. पण घरी बसले की काम बुडते, हे गृहीत धरायलाही आधार उरत नाही.

खरा त्रास देखरेखीचा आहे. चॅटमध्ये आपण हजर असल्याचे दाखवणारा नावापुढचा हिरवा ठिपका, संगणक काही वेळ न वापरल्याने पिवळा झाला की ‘आहात का?’ असा मेसेज येतो. मग कागदावर आकडेमोड करत बसलेला माणूसही मधूनमधून माउस हलवत राहतो, आणि ज्या कामाला तासभर सलग एकाग्रता लागते ते रात्रीवर ढकलले जाते. त्या रात्रीच्या तासांची नोंद कुठेच होत नाही. उलट कार्यालयात बोलावलेल्या दिवशी हेडफोन लावून, घरी असलेल्या सहकाऱ्यांबरोबरच व्हिडिओ मीटिंग करायची असेल, तर त्या प्रवासाने नेमके काय साधले, हे वरिष्ठांनाही सांगता येत नाही.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. मात्र तिथे भर कंपनी आणि कर्मचारी यांच्यातील वाटाघाटींवर आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये, अपवादात्मक प्रसंग वगळता, वेळेबाहेर संपर्क न करण्याची जबाबदारीच मालकावर टाकली. मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण फोन न उचलण्याचा हक्क कागदावर असला, तरी मूल्यमापन ज्याच्या हातात आहे त्याचा फोन नवखा कर्मचारी टाळणार कसा?

म्हणून संपर्काच्या वेळा लेखी ठरवणे, संगणकावर कोणती देखरेख चालते हे कर्मचाऱ्याला आधी कळवणे आणि बढतीचे निकष हजेरीपासून वेगळे ठेवणे, या तीन गोष्टी कंपन्यांना बंधनकारक कराव्यात. मसुदा तयार करताना व्यवस्थापनाबरोबर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधीही चर्चेला बोलावले जावेत, ही अपेक्षा.

आपला विश्वासू,
एक हायब्रिड कर्मचारी