होडी पाण्याबाहेर काढली

मिनेटोंका, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळी आठवड्यावर आली. हर्णैच्या बंदरात आता हंगाम भरात असेल, आणि मी मात्र कालच आमची होडी पाण्याबाहेर काढली. पाऊस नाही, वादळ नाही, मग होडी घरी कशाला आणायची, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हे मिनेटोंका तळे सुमारे १४,५०० एकरांचे आहे, तरी डिसेंबरात ते या काठापासून त्या काठापर्यंत गोठते, आणि जानेवारीत लोक त्यावरून मोटारी नेतात. एप्रिलच्या मध्याच्या आसपास बर्फ हटेपर्यंत होडीला पाणी दिसत नाही. पसरणारा आणि सरकणारा बर्फ धक्क्याचे खांबसुद्धा वाकवतो, म्हणून शेजाऱ्यांचा चाकांवरचा धक्काही आम्ही चौघांनी ओढून काठावर घेतला.

आपल्याकडे मासेमारीवरची १ जूनची बंदी लागली की होडी वर ओढून शाकारतात, ती बाहेरच्या पाण्यापासून वाचावी म्हणून. इथे धास्ती असते ती आत राहून गेलेल्या पाण्याची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि बंद जागेत अडकले असेल तर धातूलाही तडकवते. हे मला दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या आळसामुळे कळले. कोणाच्या तरी गळाची तुटलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, इंजिनच्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळली गेली होती. तिने आतले सील कापले, गिअरच्या डब्यात पाणी शिरले, आणि मी तेल न बदलताच होडी झाकून ठेवली. वसंतात पाहतो तो डब्याला बोटभर लांब चीर! दुरुस्तीचा खर्च आईला सांगू नका.

म्हणून यंदा सगळ्यात आधी पंखा उतरवला आणि दांडा बोटांनी चाचपून पाहिला. मग डब्याचा खालचा स्क्रू काढून वरचा ढिला केला. पाणी शिरले असेल तर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे निघते. या वेळी ते काळपट, पण स्वच्छ निघाले, आणि खरे सांगतो, माझ्या जिवात जीव आला. नवे तेल वरून ओतायचे नसते, खालच्या भोकातून पंपाने चढवायचे असते, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. तेल वर दिसले की आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग चपळाईने खालचा; तरीही माझी चप्पल तेलाने माखलीच.

बाकीचे काम त्या मानाने सोपे आहे. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून टाकीत पेट्रोल टिकवणारे औषध घालून इंजिन दहा मिनिटे चालवले, म्हणजे ते औषध थेट आतपर्यंत पोहोचते. इंजिन गरम असतानाच त्याचे तेल बदलले, बॅटरी काढून तळघरात ठेवली, आणि इंजिन उभेच ठेवले, कारण आडवे केले तर त्यातले पाणी पुरते निथळत नाही. ताडपत्रीखाली मधोमध एक आडवे लाकूड दिले आहे, नाहीतर बर्फाच्या भाराने तिची झोळी होते. आपल्याकडे काजूच्या टरफलांचे तेल फळ्यांना पाजताना जो वास बंदरभर पसरतो, तो मात्र इथे नाही. होडी अॅल्युमिनियमची, तिला तेलाची तहान नाही.

तळ्यातून निघताना तळाचे बूच काढून सगळे पाणी सोडायचे आणि अडकलेल्या पाणवनस्पती काढायच्या, असा इथला कायदाच आहे, कारण झेब्रा शिंपले नावाचे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले त्यांबरोबर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. धक्कासुद्धा दुसऱ्या तळ्यात न्यायचा तर आधी २१ दिवस कोरडा ठेवावा लागतो. ही सक्ती मला पटते.

ते बूच मी किल्लीच्या जुडग्यातच अडकवले आहे, म्हणजे एप्रिलमध्ये ते लावल्याशिवाय होडी पाण्यात ढकलली जाणार नाही. आईला नमस्कार सांगावा.

तुमचा,
धाकटा