"मधे काही नाही" म्हणणाऱ्या मुलीवर विश्वास ठेवल्याबद्दल

प्रिय ताई,

वैद्यकीय विद्यार्थ्यांचा दूरस्थ वर्ग रंगला तर शिक्षकाचं कौतुक होतं आणि बिघडला तर आवाज-चित्राची जोडणी सांभाळणाऱ्या ऑपरेटरच्या नावाने खडे फोडले जातात. त्यामुळे असं पत्र तुम्हाला आजवर कुणी लिहिलं नसावं. परवाच्या हृदयतपासणीच्या वर्गानंतर मात्र ते लिहिल्याशिवाय आम्हा शिकवणाऱ्यांना चैन पडेना. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण पत्र उघड लिहितो आहोत आणि जरा तपशिलात, म्हणजे तुमच्यासारखं काम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

प्रसंग साधाच होता. मायट्रल स्टेनोसिसचे, म्हणजे हृदयातली मायट्रल झडप अरुंद झालेले, एक काका खाटेवर डाव्या कुशीला वळलेले, स्टेथोस्कोपची बेल (खालच्या पट्टीचे आवाज टिपणारी वाटीसारखी बाजू) हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवलेली, इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपचा आवाज सगळ्या केंद्रांना जातोय. "आवाज येतोय का?" असं विचारलं, सगळीकडून "हो, येतोय" आलं. बहुतेक वर्ग इथून सरळ पुढे जातात. तुम्ही मात्र माइक उघडून सगळ्यात लांबच्या केंद्रातल्या, मागच्या बाकावरच्या मुलीला म्हणालात, "काय ऐकू येतंय ते तोंडाने करून दाखव बरं."

ती लाजत म्हणाली, "लब-डब, लब-डब." मग जरा थांबून, "मधे काही नाही."

मधेच तर सगळं होतं. दुसऱ्या ठोक्यानंतर, डायस्टोलच्या, म्हणजे हृदय सैल होऊन रक्ताने भरतं त्या काळाच्या, मध्याला जी खालच्या पट्टीतली घरघर ऐकवण्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तीच तिच्यापर्यंत पोचत नव्हती. तुम्ही तिला "नीट ऐक" म्हणाला नाहीत. तिचा इअरफोन खराब असेल असंही म्हणाला नाहीत. आधी खाटेकडे वळून म्हणालात, "काका, चादर घ्या अंगावर, दोन मिनिटं लागतील," आणि मग सेटिंग्ज उघडल्यात. आभार खरं तर एवढ्याचेच आहेत. मागच्या बाकावरून आलेलं "नाही" तुम्ही खरं मानलंत.

कारण दोष तिच्या कानात नव्हताच. मीटिंगसाठी बनवलेलं ॲप धरूनच चालतं की माइकसमोर माणूस बोलतोय. बोलण्याचा आवाज सारखा चढतो, उतरतो, तुटतो. ज्यात असा चढउतार नाही, ती त्याच्या लेखी पंख्याची किंवा एसीची घुरघुर, आणि नॉइज सप्रेशन ती पुसून टाकतं. मायट्रल स्टेनोसिसची मर्मर, म्हणजे तीच घरघर, नेमकी तशीच, खालच्या पट्टीतली आणि खरबरीत. शिवाय बोलणं स्वच्छ यावं म्हणून अशा ॲपमध्ये अगदी खालची कंपनं मुळातच कापलेली असतात. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा होता, आणि हृदयाच्या ठोक्यांचा बहुतेक जोर २०० हर्ट्झच्या खाली असतो. ठोक्यांत वरच्या पट्टीचाही थोडा अंश असतो, म्हणून लब-डब या गाळणीतून पार पडतं. घरघर अडकून राहते. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज तर छान येतोय.

बिचाऱ्या कोडेकला, म्हणजे आवाज दाबून लाइनवरून पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, बोल लावण्यात अर्थ नाही. आज बहुतेक ठिकाणी वापरलं जाणारं ओपस हे कोडेक २०१२ साली प्रमाणित झालं. ते सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालतं, आणि नीट वाव दिला तर हृदयाचे आवाज त्यातून व्यवस्थित जातात. आवाज मारला जातो तो कोडेकपर्यंत पोचण्याआधी. तुम्ही तीन गोष्टी बंद केल्यात: नॉइज सप्रेशन, आपोआप आवाज कमीजास्त करणारं ऑटो गेन आणि प्रतिध्वनी पुसणारं इको कॅन्सलेशन. काही ॲपमध्ये हे सगळं "ओरिजिनल साउंड" अशा एका पर्यायाखाली मिळतं, काहींत एकेक शोधावं लागतं.

यातल्या ऑटो गेनकडे फारसं कुणी बघत नाही, आणि शिकवण्याचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. मर्मरची तीव्रता सहा पायऱ्यांत मोजायची पद्धत १९३३ पासून चालत आली आहे. ऑटो गेन चालू असेल तर मोठा पहिला ठोका दाबला जातो, मधली शांतता उचलली जाते, आणि दुसऱ्या पायरीची मर्मर तिसरीची वाटू लागते. पलीकडचा विद्यार्थी प्रामाणिकपणे चुकीचं शिकतो. चौथ्या पायरीपासून हाताला लागणारी थ्रिल, म्हणजे छातीवरची थरथर, तर कुठल्याच तारेतून जात नाही. ती खाटेशी उभ्या असलेल्याने तोंडाने सांगायची. तेही तुम्हीच आठवण करून दिलंत.

इको कॅन्सलेशन बंद करण्याला एक क्रम आहे, आणि तो चुकला की सगळ्या केंद्रांत एकदम कर्कश शिट्टी घुमते. आधी पलीकडचे सगळे माइक म्यूट, मग प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, आणि शेवटी इकडचं सेटिंग. हेडफोन चैनीसाठी नाहीत. लॅपटॉपच्या पिटुकल्या स्पीकरमधून खालची पट्टी जवळजवळ निघतच नाही, त्यामुळे इकडून आवाज बिनचूक गेला तरी तिकडे "मधे काही नाही" हेच उत्तर आलं असतं. तुम्ही हा क्रम एकदाही न अडखळता केलात आणि पुन्हा त्याच मुलीला विचारलंत. तिने जे करून दाखवलं ते ऐकून काकाही हसले.

आता थोडं मनातलं. तुमच्याआधी हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी भिंतभर पडदा बसवला. लाइन कशी आहे असं विचारलं की स्पीड टेस्टचा आकडा पुढे करायचे. तो आकडा लाइन किती वाहून नेते ते सांगतो, वाटेत किती सांडतं ते नाही. आवाज लाइनवरून छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो; शंभरातली दोन-तीन पॅकेट गळू लागली की बोलण्यातली अक्षरं जायला लागतात, मग वेग कितीही असो. आकडाही ते डाउनलोडचा दाखवत, आणि ज्या खोलीतून शिकवायचं तिथे लागतो अपलोड. तुम्ही पहिल्याच दिवशी वायफाय बंद करून केबल ओढलीत. लाइन कच्ची पडली की चेहऱ्याचा व्हिडिओ बंद करायचा, आवाजाला हात लावायचा नाही, हेही ठरवून टाकलंत. एचडी व्हिडिओला दीड-दोन मेगाबिट लागतात. बोलणं त्याच्या दहाव्या हिश्शातसुद्धा आरामात बसतं.

सगळ्यात खटकायचं ते त्यांचं एक पालुपद. कुठल्याही केंद्रातून तक्रार आली की "मुलांचे कान अजून तयार नाहीत." आणि प्रतिध्वनी येतो म्हणून सगळी केंद्रं कायमची म्यूट. प्रश्न विचारायचा तर लिहून पाठवा, वेळ उरला तर घेऊ. वेळ कधी उरत नसे, हे सांगायला नको.

प्रतिध्वनीचं साधं गणित तुम्ही कागदावर लिहून प्रत्येक केंद्रात चिकटवलंत. बाकी सगळ्यांना आपापला आवाज परत ऐकू येतोय आणि एकाच केंद्राला येत नाही, तर दोष त्या एका केंद्रात. त्याच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. एकेक केंद्र म्यूट करत जायचं. ज्याच्यापाशी प्रतिध्वनी थांबेल तिथला स्पीकर खाली करायचा किंवा माइक दूर न्यायचा. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच वर्गाला जोडले असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. एवढं केलं की माइक उघडे ठेवता येतात. एवढ्यासाठी मुलांची तोंडं बंद होती!

शिकवणाऱ्यांनाही तुम्ही एक सवय लावलीत: केंद्राचं नाव आधी, प्रश्न नंतर. म्हणजे प्रश्न संपेपर्यंत तिकडे माइक उघडलेला असतो. आणि विचारून झाल्यावर गप्प राहायचं, मनात सातपर्यंत मोजायचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संवाद सहज वाटतो. ४०० च्या पुढे तो जाऊ देऊ नये असं ती सांगते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, त्यामुळे नुसतं वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो. उत्तर परत येताना आणखी पाव, वर यंत्रांचा वेळ. समोरच्या वर्गात दोन सेकंद शांतता पसरली तर उत्तर येत नाही असं समजायला हरकत नाही. इथे त्या दोन सेकंदांत विद्यार्थ्याने जेमतेम तोंड उघडलेलं असतं, आणि घाईचा शिक्षक उत्तर स्वतःच देऊन मोकळा होतो.

चित्रांबद्दल थोडक्यात. इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) क्लिप स्क्रीन शेअरवर दाखवली तर झडप उघडताना दिसत नाही, एकदम उघडलेलीच दिसते, कारण स्क्रीन शेअर अक्षरं सुबक ठेवण्यासाठी फ्रेम गाळतो. क्लिप आदल्या दिवशी पाठवून प्रत्येक केंद्राने आपापल्या मशीनवर चालवायची, हा तुमचा तोडगा बिनखर्चाचा आणि सर्वात चांगला. पुरळ दाखवताना कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंग जुळवण्याचं सेटिंग) कोऱ्या पांढऱ्या कागदावर लॉक करायचा, नाहीतर कॅमेरा लालसर त्वचेला आपण होऊन "दुरुस्त" करतो. उंचवटे दिसायला हवेत तर दिवा बाजूने. आणि सोनोग्राफीच्या चित्रावर कोपऱ्यात छापलेलं रुग्णाचं नाव! फाइलच्या हेडरमधून नाव काढलं म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. चित्रातच उमटलेलं नाव तसंच राहतं, ते वेगळं झाकावं लागतं. ते तुमच्या नजरेतून एकदाही सुटलं नाही.

या कामाचा इतिहास पाहिला तर त्याची सुरुवातच दुतर्फी आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का सायकिअॅट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये सिसिल विटसन यांनी विद्यार्थ्यांसाठी दोन्हीकडून बघता-बोलता येणारा क्लोज्ड सर्किट टीव्ही वापरला. १९६४ मध्ये तिथून ११२ मैलांवरच्या नॉरफोक स्टेट हॉस्पिटलशी जोडणी झाली. पुढे न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला. तिथे लांबच्या दवाखान्यातला डॉक्टर आपला हेपटायटिस सी चा रुग्ण सगळ्यांपुढे मांडायचा आणि तज्ज्ञ त्यावर बोलायचे, म्हणजे बोलण्याचा आरंभ लांबच्या टोकाकडून. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले आणि या लांबच्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. भिंतभर पडद्याचा त्यात काही वाटा नव्हता. लांबच्या माणसाचं म्हणणं आधी ऐकायचं, ही साधी माणुसकी होती. ती यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही, आणि तुमच्याकडे ती आहे.

लाइन तुटली तर काय, याचीही सोय तुम्ही करून ठेवली आहे. स्लाइड आधीच सगळीकडे पोचलेल्या, प्रत्येकीवर मोठा आकडा, शिक्षकाने तो आकडा मोठ्याने म्हणायचा, आणि भिंतीवर साध्या फोनच्या कॉन्फरन्सचा नंबर. व्हिडिओ गेला तरी वर्ग फोनवर चालू राहतो. मर्मर मात्र फोनवरून ऐकवायची नाही, ते वर सांगितलंच.

आता एक मागणं, आभाराच्या पत्रात शोभत नसलं तरी. पुढचा वर्ग फुप्फुसांच्या आवाजांचा आहे आणि तिथलं दुखणं वेगळं आहे. क्रॅकल म्हणजे श्वासाबरोबर फुप्फुसात होणारा तुटक कडकड आवाज. बारीक क्रॅकल जेमतेम ५ मिलिसेकंदांचा, जाडा साधारण १५ चा, आणि ओपसचं एक पॅकेट बहुधा २० मिलिसेकंदांचं. एक पॅकेट गळलं की क्रॅकल अख्खाच गेला, आणि ती भोकं बुजवायला सॉफ्टवेअर आपल्या मनाने आवाज भरतं. उलट लाइनचा "कट्ट" क्रॅकलसारखाच लागतो. तेव्हा आधी अर्धा मिनिट स्टेथोस्कोप छातीवरून उचलून नुसती लाइन ऐकवावी, ध्वनिमुद्रित नमुने फाइल म्हणून आदल्या दिवशी पाठवावेत, आणि मग छाती. श्वास आत घेताना किती क्रॅकल मोजले, हे मागच्या बाकाला तुम्हीच विचारा. आम्ही विचारलं तर मुलं आम्हाला हवा तोच आकडा सांगतील.

तुमचे ऋणी,
दूरस्थ वर्गाचे शिक्षक