‘विक्रांत’ आणि ‘विराट’वर सेवा केलेल्या खान्देशातील नौसैनिकांच्या आठवणी जपण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

भारतीय नौदलाच्या पहिल्या दोन विमानवाहू नौका, ‘विक्रांत’ आणि ‘विराट’, आज अस्तित्वात नाहीत. ‘विक्रांत’ २०१४ च्या अखेरीस मुंबईतील दारूखाना भागात तोडायला घेतली गेली आणि ‘विराट’ सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारासाठी चढवली गेली. त्यांच्या बॉयलर रूममध्ये, हँगरमध्ये, फ्लाइट डेकवर आणि स्वयंपाकघरात राबलेली माणसे मात्र समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या तापीकाठच्या गावांतही राहतात, आणि त्यांतील जुन्या पिढीचे लोक आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याजवळची कागदपत्रे, छायाचित्रे आणि मुख्यतः त्यांचे बोलणे जतन करण्यासाठी भुसावळ येथील आमच्या वाचनालयाने तालुक्यातील माजी सैनिकांच्या सहकार्याने एक कायमस्वरूपी दालन उभारण्याचे ठरवले आहे. त्यासाठी आपल्या मदतीची गरज आहे.

या दोन्ही नौका आपण ब्रिटनकडून घेतल्या, म्हणून त्यांचा उल्लेख सरसकट ‘वापरलेल्या नौका’ असा केला जातो. ‘विक्रांत’च्या बाबतीत ते पूर्णपणे खरे नाही. ‘हर्क्युलिस’ या नावाने तिचे बांधकाम १९४३ मध्ये सुरू झाले, सप्टेंबर १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले, आणि महायुद्ध संपल्यामुळे १९४६ मध्ये काम थांबून ती अर्धवट अवस्थेत पडून राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत तिचे काम पुरे करून घेतले. तिरकी धावपट्टी आणि विमान फेकणारे वाफेचे कॅटपल्ट ही त्या काळची नवी साधने तिच्यावर याच वेळी बसली. ४ मार्च १९६१ रोजी तेथेच श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती आपल्या नौदलात दाखल झाली.

‘विराट’ मात्र खरोखरच एक आयुष्य जगून आलेली नौका होती. ‘हर्मीस’ म्हणून १९५९ ते १९८४ अशी पंचवीस वर्षे तिने ब्रिटिश नौदलात काढली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. भारताने १९८६ मध्ये तिचा करार केला, डेव्हनपोर्टच्या गोदीत तिची मोठी दुरुस्ती झाली आणि १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ झाली. तेव्हापासून ६ मार्च २०१७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ती आपल्याकडे राबली. तिची दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा मोठी ठरली, आणि आमच्या मते याचे श्रेय मूळ बांधणीइतकेच ती चालती ठेवणाऱ्या भारतीय हातांना आहे.

अशा हातांचे काम काय असते, हे त्याआधी ‘विक्रांत’वर १९७१ च्या युद्धात दिसले होते. त्या वेळी ‘विक्रांत’च्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि तो वापरता येत नव्हता. भुसावळच्या जुन्या रेल्वे कुटुंबांना बॉयलरचा तडा म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. वाफ कमी म्हणजे वेग कमी. आणि विमानवाहू नौकेवर वेग कमी म्हणजे डेकवरून समोरून येणारा वारा कमी, ज्याच्या जोरावर विमान उचलले जाते. वारा पडलेला असला की जड अलिझे विमानांचे उड्डाण विशेष अवघड होई. अशा अवस्थेत कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात उतरली, ४ डिसेंबर रोजी तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला आणि पुढे चितगावसह इतर बंदरांवरही मारा झाला. तिचा शोध घेत आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. युद्धाच्या इतिहासात या घटनांना योग्य जागा मिळाली आहे. उरलेल्या तीन बॉयलरांसमोर त्या दिवसांत कोण उभे होते, पाळी किती तासांची होती, उष्णता कशी सोसली, घरी पत्र केव्हा गेले, हे मात्र त्या माणसांनी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

‘विराट’बाबतही तेच म्हणावे लागेल. १९८९ मधील श्रीलंकेची मोहीम, १९९३ मध्ये इंजिन रूममध्ये पाणी शिरल्यानंतर कित्येक महिने चाललेले दुरुस्तीचे काम, २००१-०२ मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला असताना झालेल्या ‘ऑपरेशन पराक्रम’ या लष्करी जमवाजमवीतील दीर्घ सज्जता, या प्रत्येक प्रसंगी तिच्यावर हजाराहून अधिक माणसे होती. सी हॅरिअर विमान पुढच्या चढावरून झेपावते आणि परत येताना सरळ खाली उतरते, हे ज्यांनी डेकवर उभे राहून रोज पाहिले, त्यांच्या तोंडून ते ऐकण्याची संधी आपल्या मुलांना मिळाली पाहिजे.

नौका जपण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. ‘विराट’चे सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरी दिली होती, ते प्रत्यक्षात आले नाही. एवढी मोठी नौका सांभाळणे आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. माणसांच्या आठवणी सांभाळणे आवाक्याबाहेरचे नाही, आणि त्या राहून गेल्या तर तो दोष आपलाच असेल.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्यांनी या दोन नौकांवर कोणत्याही पदावर सेवा केली, त्यांनी किंवा त्यांच्या कुटुंबीयांनी आमच्याशी संपर्क साधावा. नोकरीनिमित्त नाशिक, पुणे, सुरत येथे स्थायिक झालेल्या खान्देशी कुटुंबांनाही हीच विनंती आहे. चिल्का, लोणावळ्याचे ‘शिवाजी’ किंवा जामनगरचे ‘वालसुरा’ येथील प्रशिक्षणकाळातील छायाचित्रे, घरी आलेली पत्रे, टोपीवरची फीत, गणवेश, जहाजावरचे पेले, काहीही क्षुल्लक समजू नये. मूळ कागदपत्रे द्यायची नसतील तर त्यांची स्कॅन प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केले जातील. नौदलाची गोपनीय कागदपत्रे मात्र कृपया आणू नयेत. ती स्वीकारली जाणार नाहीत. ज्यांना वयोमानामुळे येणे शक्य नाही, त्यांच्या घरी आमचे कार्यकर्ते ध्वनिमुद्रणासाठी येतील. बोलणे अहिराणीत असो, लेवा गणबोलीत असो की प्रमाण मराठीत, ते जसेच्या तसे ध्वनिमुद्रित केले जाईल.

दालनासाठी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोली मिळाली आहे. तिची ओल काढणे, काचेची कपाटे, स्कॅनर, ध्वनिमुद्रणाचे साहित्य आणि दोन्ही नौकांच्या लाकडी प्रतिकृती यांसाठी सुमारे ३ लाख ४० हजार रुपये लागतील. प्रतिकृतींचे काम स्थानिक सुतारांकडूनच करून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे. देणगी कितीही लहान असली तरी तिची पावती दिली जाईल आणि जमाखर्च दर महिन्याला सूचना फलकावर लावला जाईल. पैसे देणे शक्य नसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणे ऐकून लिहून काढण्याच्या कामात वेळ द्यावा. त्या कामाला सर्वांत जास्त माणसे लागणार आहेत.

येत्या नौदल दिनी, ४ डिसेंबरला, दालन खुले करण्याचा मानस आहे. देणग्या आणि वस्तू वाचनालयाच्या कार्यालयात सोमवार सोडून रोज सायंकाळी ५ ते ८ या वेळेत स्वीकारल्या जातील. धनादेश वाचनालयाच्या नावे काढावा आणि त्याच्या मागे ‘नौसैनिक दालन’ असे लिहावे.

आपले नम्र,
अध्यक्ष, कार्यवाह आणि दालन समितीचे सर्व सदस्य