माकडाच्या मृत्यूची खबर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोहोचावी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : वन्य सस्तन प्राण्यांतील रोगजंतूंवर नियमित पाळत ठेवण्याबाबत

महोदय,

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाची, साथ आली, तेव्हापासून काजूच्या बागांत राबणारी आणि पातेरा (वाळका पाचोळा) गोळा करायला रानात जाणारी माणसे दर हंगामात धास्तावलेली असतात. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. म्हणजे आधी माकडे मरतात, हे आपल्याला प्रथमपासून ठाऊक आहे. तरीही रानात मेलेल्या माकडाची नोंद वन खात्याकडे, गुरांवरच्या गोचिडींचा प्रश्न पशुसंवर्धन खात्याकडे आणि तापाचा रुग्ण आपल्या खात्याकडे, अशी विभागणी कायम आहे.

हा विषाणू उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडींत टिकून राहतो. वानर आणि लाल तोंडाचे माकड मात्र त्याला बळी पडतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या बाधित गोचिडी तेथेच पाचोळ्यात नव्या भक्ष्याची वाट पाहतात. त्यामुळे मृतदेहाभोवतीच्या पन्नास मीटर परिसरात कीटकनाशक फवारणे आणि तेथे लोकांची ये-जा थांबवणे हे तातडीचे काम ठरते. चार दिवसांनी कळलेल्या खबरीचा उपयोग फार थोडा. माकडे मारून टाका, ही अधूनमधून होणारी मागणी कृपया मान्य करू नये, कारण त्याने गोचिडी संपत नाहीत आणि आपल्याला इशारा देणारा प्राणी तेवढा नाहीसा होतो.

प्रश्न एकट्या माकडतापाचा नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रातून शेताच्या चिखलात उतरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची किंमत मोजली. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात फैलावलेला स्क्रब टायफस उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो, तर रिकेट्सिया नावाच्या जिवाणूंचा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. हे तिन्ही जिवाणूजन्य ताप डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने, वेळीच सुरू केल्यास, बरे होतात. माकडतापावर असे नेमके औषध नाही, आणि त्याची जुनी लसही पुरेशी परिणामकारक नसल्याने वापरातून गेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत या सगळ्या रुग्णांची तक्रार मात्र सारखीच असते : ताप, डोकेदुखी, अंगदुखी. अशा वेळी त्या गावच्या रानात कोणते जंतू फिरत आहेत, याची माहिती डॉक्टरच्या हाती असणे मला अत्यंत मोलाचे वाटते.

म्हणून विनंती अशी की, माकडाच्या मृत्यूची खबर वनरक्षकाने त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे बंधनकारक करावे. बाधित तालुक्यांत गोचिडींचे आणि लहान सस्तन प्राण्यांचे नमुने दरवर्षी तपासले जावेत आणि त्यांचे निष्कर्ष गावपातळीवरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचावेत. तापाच्या रुग्णाची एकच चाचणी नकारार्थी आली म्हणून त्याला घरी न पाठवता उरलेल्या रोगांच्या चाचण्याही जिल्ह्यातच व्हाव्यात. माकडतापाचा हंगाम डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो. वन आणि पशुसंवर्धन मंत्र्यांसह याचा संयुक्त आदेश त्याआधी निघावा.

आपला विश्वासू,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक नागरिक